रायगडावरचा राजवाडा उलटा बघू नका

रोपवेने रायगडावर जाणारे बहुतेक लोक राजवाड्यात मागच्या दाराने शिरतात, आणि ही गोष्ट त्यांना कुणी सांगतही नाही. रोपवे जिथे आपल्याला वर सोडतो, तिथून मेणा दरवाजा जवळ. मेणा म्हणजे पडद्याची पालखी, राणीवशाची वाट. त्या दाराने आत गेलं की आधी राण्यांचे महाल, मग शिवाजी महाराजांचं राजभवन, मग सिंहासनाची जागा आणि सगळ्यात शेवटी नगारखाना, म्हणजे राजवाड्याचं पुढचं मुख्य दार. म्हणजे १६७४ साली राज्याभिषेकाला आलेल्या माणसाने जे पहिलं पाहिलं, ते आपण शेवटी बघतो, तेही पाय दुखायला लागल्यावर आणि परतीच्या रांगेची काळजी डोक्यात घेऊन. मग लोक म्हणतात, वर काय आहे, नुसती जोती आहेत!

जोतीच आहेत, पण ती का उरली हे आधी समजून घ्या. इथल्या इमारतींचं जोतं घडीव दगडाचं होतं आणि वरचा डोलारा मुख्यतः लाकडाचा. मे १८१८ मध्ये इंग्रजांनी समोरच्या पोटल्याच्या डोंगरावरून तोफा डागल्या, गडावर आग लागली आणि लाकूडकाम जळून गेलं. १० मे १८१८ रोजी गड त्यांच्या हाती गेला. त्यामुळे इथे वर छताकडे बघण्यासारखं फारसं नाही. रायगडचा राजवाडा खाली बघून वाचायचा असतो. दगडी तळखडा, म्हणजे खांबाखालचा बैठकीचा दगड, दिसला की तिथे लाकडी खांब उभा होता असं समजा. दोन तळखड्यांमधलं अंतर पावलांनी मोजा, म्हणजे खण केवढा होता याचा अंदाज येतो. उंबऱ्याचे दगड, पायऱ्यांची झीज, भिंतीतून बाहेर काढलेल्या पाण्याच्या वाटा, हे सगळं जमिनीलगतच आहे.

आता क्रम. रोपवेने गेलात तरी तो सुधारता येतो. मेणा दरवाजातून आत आल्यावर कुठेही न वळता सरळ चालत पालखी दरवाजापर्यंत जा आणि ३१ पायऱ्या उतरून मनोऱ्यांपाशी या. हे मनोरे बारा कोनांचे, गंगासागर तलावाच्या अंगाला उभे आहेत, आणि गडावरचं सगळ्यात नाजूक बांधकाम हेच. इथे दहा मिनिटं द्या. मग तलावाच्या बाजूने शिर्काईच्या देवळाकडे, होळीच्या माळावर चला आणि तिथून नगारखान्यासमोर उभे राहा. पंधरा-वीस मिनिटं जास्त जातील, पण राजवाड्याचं तोंड आधी दिसेल.

नगारखान्याच्या कमानीतून लगेच आत घुसू नका. राज्याभिषेकाला आलेल्या हेन्री ऑक्झिंडेन या इंग्रज वकिलाने राजवाड्याच्या दाराशी दोन लहान हत्ती आणि दोन पांढरे घोडे पाहिल्याचं लिहून ठेवलं आहे. इतक्या अवघड वाटेने हत्ती वर आणले कसे, याचं त्याला नवल वाटलं होतं. ते दार पाहताना ही नोंद मनात असली की कमानीची उंची नुसती उंची राहत नाही.

कमानीपलीकडे राजसदर, म्हणजे दरबाराची जागा. २२० फूट लांब, १२४ फूट रुंद. समोर पश्चिमेला सिंहासनाची जागा, तोंड पूर्वेला. म्हणूनच सकाळी जा असं माझं आग्रहाचं सांगणं आहे. सकाळी ऊन तुमच्या पाठीमागून येतं आणि सिंहासनाच्या जागेवर पडतं. दुपार कलल्यावर तेच ऊन डोळ्यांत येतं आणि समोरचं सगळं काळवंडलेलं दिसतं, फोटोही तसेच येतात. आज तिथे दिसते ती मेघडंबरी (सिंहासनावरची छत्री) आणि मूर्ती अलीकडच्या काळातली आहे. मूळ सिंहासन बत्तीस मण सोन्याचं होतं असं सभासद हा बखरकार सांगतो.

या सदरेची खरी करामत आवाजाची आहे. एकाने नगारखान्यात थांबायचं, दुसऱ्याने सिंहासनाच्या चौथऱ्यापाशी. नेहमीच्या आवाजात बोललेलं वाक्य पलीकडे पोचतं, कागद फाडल्याचा आवाजही. पण गर्दीत हे जमतच नाही. एका वेळी चार घोळके, त्यात प्रत्येकाचा वाटाड्या मोठ्याने बोलणारा! लवकर पोचण्याचं हे दुसरं कारण. घोषणा जरूर द्या, मनापासून द्या, पण त्यानंतर दोन मिनिटं सदर शांत राहू द्या. राजा आणि फिर्यादी यांच्यात आरोळी ठोकावी लागू नये अशी जागा कुणीतरी विचार करून बांधली आहे, आणि ती ऐकूनच कळते.

सदरेच्या मागे राजभवनाचा चौथरा आहे, ८६ फूट लांब आणि ३३ फूट रुंद. इथे लोक निराश होतात, कारण ऐषारामाचा आकार त्यांना सापडत नाही. मला हाच चौथरा सगळ्यात बोलका वाटतो. ज्या सदरेत राज्य चालायचं तिच्यापुढे राहण्याची जागा किती आटोपशीर ठेवली आहे, हे दोन्ही मापं शेजारी ठेवून बघा. त्यापलीकडे दासदासींच्या घरांचे अवशेष आणि मग ओळीने राण्यांचे महाल. प्रत्येक महालाला स्वतंत्र शौचकूप आहे, आणि सांडपाणी बाहेर नेण्याची सोयही. बरेच वाटाड्ये संकोचाने हे टाळतात किंवा त्यावर विनोद करतात. सतराव्या शतकात, डोंगराच्या माथ्यावर, खोलीगणिक अशी व्यवस्था होती, हे मुलांना थांबवून दाखवण्यासारखं आहे. मनोऱ्यांच्या पूर्वेला मोकळ्या जागेत एक तळघर आहे, त्याला रत्नशाळा किंवा खलबतखाना म्हणतात. आत उतरताना पायऱ्या जपून उतरा, उन्हातून गेल्यावर क्षणभर काहीच दिसत नाही.

बाजारपेठेत दोन रांगा आहेत, प्रत्येकी २२ घरं आणि मध्ये ४० फुटी रस्ता. घोड्यावर बसूनच खरेदी करता यावी म्हणून जोती उंच ठेवली, ही कथा तुम्हाला हमखास ऐकवतील. ऐकायला छान आहे, पण कोकणच्या माथ्यावरचा पाऊस ज्याने पाहिला आहे त्याने उंच जोत्याचं कारण आधी पाण्यात शोधावं.

जगदीश्वराच्या देवळाशी असलेला संस्कृत शिलालेख मात्र सोडू नका. त्यात विहिरी, तलाव, बागा, रस्ते, स्तंभ, गजशाळा, राजगृहं अशी यादीच दिली आहे आणि हे सगळं हिरोजीने, म्हणजे गडाचं बांधकाम करणाऱ्या हिरोजी इंदुलकरांनी, बांधल्याचं म्हटलं आहे. हाती अर्थ लिहून न्या आणि तिथे बसून वाचा. तुम्ही नुकतं जे जे पाहिलं, त्याची बांधणाऱ्याच्या काळातली नोंद समोर दगडावर आहे.

पायी जाणार असाल तर चौदाशेहून अधिक पायऱ्या आहेत, सवय नसेल तर दोन-अडीच तास धरा आणि उन्हं चढण्याआधी निम्मी वाट संपवा. महादरवाजा त्या वाटेवरच आहे, रोपवेने जाणाऱ्यांना तो खाली उतरून मुद्दाम पाहावा लागतो. पाणी माणशी दोन लिटर तरी घ्या, कारण राजवाड्याच्या सगळ्या भागात सावली जवळपास नाहीच. पावसाळ्यात हिरवाईसाठी जरूर जा, राजवाड्यासाठी नको. धुक्यात नगारखान्यातून सिंहासनाची जागा दिसत नाही, शेवाळलेल्या दगडावर पाय सरकतो आणि वारा वाढला की रोपवे थांबतो. ६ जून आणि ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी (राज्याभिषेक दिन) आणि चैत्र पौर्णिमा (महाराजांची पुण्यतिथी) हे दिवस दर्शनाचे आहेत, निरखून पाहण्याचे नाहीत. डिसेंबर-जानेवारीतला कामाचा वार सगळ्यात उत्तम.

उतरल्यावर लगेच महाडची वाट धरू नका. पायथ्याच्या पाचाडला जिजाऊसाहेबांचा वाडा आहे. राज्याभिषेकानंतर अवघ्या अकरा दिवसांनी, १७ जून १६७४ रोजी त्यांनी देह ठेवला, आणि त्यांची समाधीही पाचाडातच आहे. वाड्यात तक्क्याची विहीर आहे, काठावर टेकून बसता येईल असा दगडी तक्का असलेली. तिथे सहसा कुणीच नसतं. अर्धा तास राखून ठेवा.