कुणालाही न बोचणारं लिनोकट कसं करावं

समाजावर कोरडेही ओढायचेत आणि पुढच्या सोमवारी त्याच तहसील कचेरीत सातबारा काढायलाही जायचंय, अशी ज्यांची अडचण आहे, त्यांच्यासाठी लिनोकटसारखं माध्यम नाही. लिनोकट म्हणजे लिनोलियमच्या मऊ तुकड्यावर चित्र कोरायचं, शाई लावायची आणि कागदावर ठसा घ्यायचा. साहित्य थोडं लागतं, काळ्या-पांढऱ्या रंगांत आपोआप गांभीर्य येतं, आणि लोक समजतात की तुम्ही निर्भीड आहात.

विषय दुष्काळच घ्या. मराठवाड्याच्या चित्रकाराने दुष्काळ घेतला नाही तर परीक्षकांना चुकल्यासारखं होतं. भेगाळलेली जमीन, वठलेली बाभूळ, आभाळाकडे डोळे लावून बसलेला म्हातारा. आभाळ कुठल्याच पक्षात नसतं, म्हणून सगळा दोष तिकडे ढकलावा. टँकर काढायचाच असेल तर क्षितिजावर, काडेपेटीएवढा. खेपांची वही मात्र काढू नका. कागदावर सहा खेपा आणि गावात दोन, एवढं चित्रात आलं की चित्राचा तक्रार अर्ज होतो. २०१६ साली मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आलं, ती गाडी खुशाल काढा. धरणाखाली ऊस किती उभा होता ते त्याच चौकटीत नको.

ऊसतोडीचंही असंच. कोयता देखणा आकार आहे, काळ्यात उठून दिसतो. पण कोयत्याशेजारी उचल, मुकादम आणि एका खाड्याचा दंड आला की प्रेक्षक आकार सोडून हिशेब बघायला लागतो. गर्भाची पिशवी काढलेल्या बाईचा उल्लेख तर शीर्षकातही नको. शीर्षक ‘संवेदना – ४’ ठेवा. एक ते तीन कुठे आहेत, असं कुणी विचारत नाही.

या बाबतीत आधीच्या लोकांनी फार ढिसाळपणा केला. लंडनच्या होगार्थने १७५१ मध्ये जिन दारूपायी रसातळाला गेलेली गल्ली तांब्याच्या पत्र्यावर कोरली आणि प्रत एका शिलिंगला विकली, म्हणजे कुणालाही घेता येईल अशी. पॅरिसच्या दोमिएने १८३१ मध्ये राजा लुई-फिलिपला गरिबांचा पैसा गिळणारा राक्षस करून दगडावर रेखाटलं, वर चेहरा ओळखू येईल असा ठेवला. सहा महिन्यांची शिक्षा झाली. आपल्याकडच्या चित्रकार चित्तप्रसादांनी बंगालच्या दुष्काळात गावोगाव हिंडून उपाशी माणसं रेखाटली, कधीकधी नावगावासकट, त्यांचं पुस्तक काढलं, आणि ते ब्रिटिशांनी जप्त करून जाळलं. त्यातल्या त्यात शहाणा स्पेनचा गोया. १७९९ मध्ये ८० चित्रांचा संच त्याने अत्तर आणि दारूच्या दुकानात विकायला ठेवला, थोडे संच खपताच मागे घेतला आणि चार वर्षांनी कोरलेले तांब्याचे पत्रे थेट राजाला देऊन टाकले. पण तोवर चित्रं काढून झाली होती. तुम्ही एवढ्यापर्यंतही जाऊ नका.

आता कोरकाम. तीन मिलिमीटर जाडीचं, पाठीला गोणपाट असलेलं लिनोलियम घ्या. थंडीत ते कडक होतं, पाच मिनिटं उन्हात ठेवावं लागतं. परभणीच्या मे महिन्यात उलट सावलीत ठेवा, नाहीतर लोण्यासारखं कापलं जातं आणि गॉज, म्हणजे कोरायची पन्हाळी पात्याची कोरणी, हातातून पुढे धावते. जुना, वाळलेला तुकडा घेऊ नका, त्याच्या कडा भुगा होऊन पडतात. दुसरा हात नेहमी पात्याच्या मागे. रेषेच्या दोन्ही बाजूंना बांधासारखा उतार ठेवा; आतून पोखरलेली रेष दाबाखाली मोडते. चेहरा कोरताना मात्र खुशाल पोखरा. नाक मोडलं की ओळख मिटते, आणि त्याला शैली म्हणतात.

ठशात सगळं उलटं उमटतं. त्यामुळे अक्षरं ट्रेसिंग पेपरवर लिहून, कागद पालथा करून उतरवायची असतात. टँकरवर नंबर घालायचा मोह झालाच तर तो सरळ कोरा. छापल्यावर उलटा येईल, आणि कुणी हटकलं तर कच्चा हात म्हणून सुटता येईल.

शाई काचेवर पातळ फिरवा. रोलरखाली बारीक चरचर आली की प्रमाण बरोबर. पचपच आवाज आला तर शाई जास्त आहे, बारीक रेषा बुजणार. उन्हाळ्यात शाई सैल पडते, तेव्हा चिमूटभर मॅग्नेशियम कार्बोनेट मिसळून घट्ट करतात. तुम्ही मिसळू नका. बुजलेल्या रेषांतून फ्लेक्सवरचा हसरा चेहरा नाहीसा होतो आणि नुसती ‘व्यवस्था’ उरते. व्यवस्थेला नातेवाईक नसतात. मग पातळ कागद ठेवून स्टीलच्या चमच्याच्या पाठीने मध्यापासून कडेकडे घासा.

खरा धोका पुढे आहे. एका लिनोवरून हाताने शंभरावर प्रती सहज निघतात. शंभर प्रती म्हणजे बसस्टँड, बाजार समिती, चहाची टपरी. म्हणून पाचच काढा. खाली पेन्सिलीने डावीकडे १/५, उजवीकडे सही, आणि किंमत अशी की चित्रातल्या म्हाताऱ्याला पाच वर्षांच्या पीकविम्यातही परवडू नये. तो विमा मिळाला तर, हे गृहीत धरून.

प्रदर्शनाच्या उद्घाटनाला टँकरवाल्या साहेबांनाच बोलवा. ‘आमच्या मातीचं दुःख’ यावर ते वीस मिनिटं बोलतील, डोळेही पुसतील, आणि पहिली प्रत ऑफिससाठी घेतील. फक्त छपाई आठवडाभर आधी उरका. तेलाची शाई सुकायला काही दिवस घेते, आणि ओल्या प्रतीला साहेबांची पांढरी बाही घासली की काळा डाग चित्रातल्या नेमक्या कुठल्या भागाचा, याची चौकशी लागते.