फ्रिजमधली रुई

बटरफ्लाय वीड ही इलिनॉयच्या प्रेअरीची, म्हणजे गवताळ माळाची, मूळ रहिवासी. भर उन्हाळ्यात भगव्या फुलांचे झुबके, शिवाय मोनार्क फुलपाखराच्या अळ्यांचं हक्काचं खाणं. 1837 साली जॉन डिअरने याच राज्यात पोलादी नांगर घडवला आणि बघता बघता माळाची शेतं झाली. उरल्यासुरल्या माळाला हातभार लावावा, म्हणून शिकागोजवळच्या आमच्या अंगणात ती लावायचं मी ठरवलं. तयार रोप मिळतं, पण मला बियांपासूनच हवं होतं. हौस!

या बियांना थंडी सोसल्याशिवाय जाग येत नाही. म्हणून ओल्या वाळूत कालवून महिनाभर फ्रिजमध्ये ठेवायच्या. आमची पिशवी नेमकी पाडव्याच्या चक्क्याशेजारी बसली आणि सांगलीहून आलेल्या आईच्या हाती लागली.

"अरे, फ्रिजात वाळू कसली?"

मी शेजारणीने दिलेली शेंग उकलून दाखवली. चपटं तपकिरी बी, टोकाला रेशमी तंतूंचा झुपका.

"ही तर रुईची म्हातारी!"

कूळ खरंच एक आहे, त्यामुळे वाद घालता येईना.

"आपल्याकडे पडक्या वाड्यात उगवते रे ती. शनिवारी पानं तोडायची, मारुतीला घालायची. तिला फ्रिज कशाला?"

पेरल्यावर रोपं करंगळीएवढी झाली आणि थांबली. सगळा कारभार जमिनीखाली, सोटमूळ खोल नेण्याचा. गवत कापणाऱ्यापासून वाचवायला मी काठ्या रोवून दोरी बांधली. आत काय आहे, ते त्याला दिसेना आणि खरं सांगायचं तर मलाही. हिवाळ्यात वरचं सगळं वाळलं. वसंतात अख्खी आळी हिरवी झाली, तरी बाईसाहेब वर येईनात. मी रोज बोटाने माती उकरून बघायचो.

"अहो, झोपू द्या की तिला," बायको म्हणाली.

फुलायला दुसरं-तिसरं वर्ष उजाडतं, आणि आमची तिसऱ्याची वाट बघणारी निघाली. फुलं आली, पाठोपाठ पिवळ्या-काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या अळ्याही. औषध फवारायची सोय नाही, कारण सारा खटाटोप याच पाहुण्यांसाठी. त्यांनी पानं देठापर्यंत फस्त केली. मी मोठ्या अभिमानाने आईला व्हिडिओ कॉलवर ती पंगत दाखवली. तिने चष्मा लावून नीट पाहिलं.

"छान जेवतायत. तू जेवलास का?"