आठ सेन्सर, सहा सेकंद: मडगावच्या वाचकांना उत्तर

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया तिखट होती, पण स्वतः वायरी जोडलेल्या माणसाची होती. म्हणून नुसतं ‘धन्यवाद’ म्हणून वाटेला लावत नाही. बाकीच्यांसाठी आधी थोडक्यात सांगतो. गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात माझ्या मावसभावाची अळंब्यांची शेड आहे. तिथे डीएस१८बी२० जातीचे तापमानाचे सेन्सर लावून ते ओडब्ल्यूएफएस या सॉफ्टवेअरने फाइलींसारखे कसे वाचायचे, हे मी लिहिलं होतं. त्यावर तुमचं म्हणणं असं: हे सॉफ्टवेअर जुनाट आहे, लिनक्सच्या कर्नलमध्येच (म्हणजे गाभ्यातच) वन-वायरची, म्हणजे एकाच डेटाच्या वायरीवर अनेक सेन्सर बोलतात त्या पद्धतीची, सोय असताना वर आणखी एक डीमन, म्हणजे मागे सतत चालणारा प्रोग्रॅम, कशाला, फाइलींच्या सोंगापायी आठ सेन्सर वाचायला सहा सेकंद जातात, नोंदींत मध्येच शून्य आणि ८५ अंश उमटतात, आणि ‘सगळं काही फाइल’ हा युनिक्सवाल्यांचा हट्ट सोडून ईएसपी३२ (वायफाय असलेली छोटी चिप) आणि एमक्यूटीटी (नेटवर्कवरून नोंदी पाठवायची पद्धत) घेतलं की विषय मिटतो.

सहा सेकंदांपासून सुरुवात करतो, कारण तो आकडा तुम्ही अगदी बरोबर मोजलाय आणि दोष मात्र भलत्याच्या माथी मारलाय. डीएस१८बी२०ला १२ बिटांत तापमान मोजायला जास्तीत जास्त ७५० मिलिसेकंद लागतात. हे चिपच्या डेटाशीटमध्ये आहे, ओडब्ल्यूएफएसचा त्यात काही हात नाही. एकामागून एक आठ सेन्सर वाचले की झाले सहा सेकंद. तेच आठ तुम्ही पायथॉनमधून वाचा, कर्नलच्या फाइलींतून वाचा, नाहीतर ईएसपी३२वर सी++मध्ये लिहा. रांगेत उभे केलेत तर सहा सेकंद जाणारच. फाइलीचा थर त्यात जी भर घालतो ती मोजण्याच्याही लायकीची नाही.

खरा प्रश्न रांग लावायचीच का, हा आहे. ओडब्ल्यूएफएसच्या झाडात सायमल्टेनियस नावाची डिरेक्टरी असते. तिच्यातल्या टेंपरेचर फाइलीत १ लिहिलं की बसवरच्या, म्हणजे त्या सामायिक वायरीवरच्या, सगळ्या सेन्सरना एकदम ‘मोजा’ असा हुकूम जातो. सेकंदभर थांबायचं आणि मग प्रत्येक सेन्सरची लेटेस्टटेंप ही फाइल वाचायची. ती वाचल्याने नवं मोजमाप सुरू होत नाही, झालेलं तेवढं हातात येतं, त्यामुळे दर सेन्सरमागे काही मिलिसेकंदच जातात. शिवाय शेडमध्ये १२ बिट हवेत कशाला? १२ बिटांची पायरी ०.०६२५ अंशाची, पण सेन्सरची अचूकताच मुळात अर्धा अंश इकडे-तिकडे. १० बिटांत पाव अंशाची पायरी मिळते आणि मोजायला १८७.५ मिलिसेकंद पुरतात. धिंगरी अळंबीला पाव अंशाने काडीचाही फरक पडत नाही.

मात्र एक अट आहे. सगळ्यांना एकदम मोजायला लावायचं तर प्रत्येक सेन्सरला वीज वेगळ्या तिसऱ्या वायरीने दिलेली हवी. दोन वायरींवर, म्हणजे डेटाच्या वायरीतूनच वीज ओढायची पॅरासाइट जोडणी असेल, तर हिशेब बसत नाही. मोजताना एक सेन्सर दीड मिलिअँपिअरपर्यंत ओढतो, आणि ३.३ व्होल्टवर ४.७ किलोओहमच्या रेझिस्टरमधून पुरता एक मिलिअँपिअरही येत नाही. एकाचंच भागत नाही, तिथे आठांना काय मिळणार!

इथे माझा मूळ मुद्दा येतो, आणि तुमच्या प्रतिक्रियेतून तोच निसटलाय असं मला वाटतं. ओडब्ल्यूएफएस जी दाखवतं ती डिस्कवर पडून असलेली फाइल नव्हे. ती वाचणं म्हणजे बसवर काम काढणं. हे काम कोणी काढायचं, किती वेळा काढायचं आणि जुनं उत्तर कुठवर चालवून घ्यायचं, हे सगळं कॉन्फिगरेशनमध्ये ठरतं. बदलत्या किमती, म्हणजे तापमान वगैरे, ओडब्ल्यूएफएस मुळात १५ सेकंद कॅशमध्ये, म्हणजे तात्पुरत्या साठ्यात, धरून ठेवतं. न बदलणाऱ्या ३०० सेकंद, आणि डिरेक्टरीची यादी ६० सेकंद. म्हणून तुम्ही सेन्सर उपटलात तरी त्याचं नाव मिनिटभर यादीत दिसत राहिलं. त्यात भुताटकी काही नाही. ताजंच उत्तर हवं तर अनकॅश्ड या डिरेक्टरीतून तीच फाइल वाचायची. पण सवय म्हणून सगळीकडे अनकॅश्ड लिहू नका. आलेख काढणारा प्रोग्रॅम, पंखा चालवणारी स्क्रिप्ट आणि मोबाइलवरून डोकावणारे तुम्ही, तिघे मिळून त्या बिचाऱ्या वायरीला श्वास घेऊ देणार नाही.

आता शून्य आणि ८५. दोन्ही एकाच दिवशी दिसले तरी त्यांचा एकमेकांशी संबंध नाही.

शून्य तुमच्या स्क्रिप्टमधून येतंय. सेन्सर सापडला नाही की ओडब्ल्यूएफएस फाइल वाचताना सरळ एरर देतं. तुम्ही कॅटचा (फाइल वाचणारी कमांड) निकाल न तपासता ऑककडे (ओळींमधून आकडे काढणारी कमांड) पाठवलाय, आणि ऑक रिकाम्या जागेला शून्य धरतो. कॅटचा एक्झिट कोड, म्हणजे काम जमलं की नाही हे सांगणारा आकडा, तपासा, शून्य गायब होईल. गंमत म्हणजे तुम्ही ज्याची तरफदारी करता त्या कर्नलच्या जुन्या डब्ल्यू१_स्लेव्ह फाइलीत हे जास्त फसवं आहे. तिथे सीआरसी, म्हणजे डेटा नीट पोचला का हे पडताळणारा आकडा, चुकला तरी फाइल व्यवस्थित वाचली जाते. पहिल्या ओळीच्या शेवटी ‘येस’ आहे की ‘नो’, हे आपणच बघायचं असतं.

८५ ही मात्र चिपची गोष्ट. वीज आल्यावर, पहिलं मोजमाप होण्याआधी, डीएस१८बी२०च्या पोटात ८५ अंश हाच आकडा असतो. मोजताना वीज क्षणभर गचकली की चिप नव्याने सुरू होते आणि तोच आकडा हातात ठेवते. सीआरसीही बरोबर येतो, म्हणून कुठलंच सॉफ्टवेअर त्याला नुसत्या सीआरसीवरून पकडू शकत नाही. पावसाळ्यात आपल्याकडे दिवे किती वेळा लुकलुकतात ते मी तुम्हाला सांगायला नको. शेडमध्ये ८५ अंश शक्यच नाही, तेव्हा नेमका ८५.० आला की नोंद टाकून द्या आणि पुन्हा मोजा. बॉयलरवर सेन्सर असेल तर हा उपाय चालणार नाही. आणि सेन्सरच्या पायांशी विजेचा पाय आणि ग्राउंडचा पाय यांमध्ये एक १०० नॅनोफॅरडचा कपॅसिटर लावून बघा.

कर्नल की ओडब्ल्यूएफएस? एक रास्पबेरी पाय (छोटा संगणक), त्याच्या जीपीआयओ ४ या पिनेवर दोन-तीन सेन्सर, फक्त तापमान, एवढाच व्याप असेल तर कर्नलच पुरे. मीही तेच करीन. पण तुमचे आठ सेन्सर आणि डीएस२४१३ या वन-वायर स्विचवरचे दोन पंखे आहेत. जीपीआयओवर वन-वायरचे मायक्रोसेकंद सांभाळायचं काम प्रोसेसरच्या गळ्यात पडतं, आणि तो दुसऱ्या कामात गुंतला की सीआरसी चुकतो. डीएस२४८२ ही आय२सी या चिपांमधल्या जोडणीवरची चिप ते काम स्वतः करते, म्हणून मी तीच सुचवली होती. यूएसबीचा डीएस९४९० हा अडॅप्टर वापरणार असाल तर कर्नलचा डीएस२४९० मॉड्यूल आधी ब्लॅकलिस्ट करा, म्हणजे तो आपोआप सुरू होऊ देऊ नका. नाहीतर तो अडॅप्टर आधीच बळकावून बसतो आणि ओडब्ल्यूसर्व्हरला (ओडब्ल्यूएफएसचा अडॅप्टरशी बोलणारा प्रोग्रॅम) काहीच सापडत नाही. एका म्यानात दोन तलवारी नकोत.

कर्नलवरून इकडे येताना तुमची सेन्सरच्या पत्त्यांची यादी जुळली नाही, त्याचंही कारण साधं आहे. कर्नल ज्याला २८-०००००५९४२३१७ म्हणतो, तोच सेन्सर ओडब्ल्यूएफएसमध्ये २८.१७२३९४०५०००० असा दिसतो. बाइट उलट्या क्रमाने लिहिलेले असतात, सेन्सर तोच. सगळ्यांत उत्तम म्हणजे अलायसची, म्हणजे टोपणनावांची, फाइल करून ‘दार’, ‘मागची रॅक’ अशी नावं द्यावीत. सेन्सर बदलला की त्या फाइलीतली एक ओळ बदलायची, स्क्रिप्टला हात लावायचा नाही.

‘काहीच न जोडता तापमान दिसतं, हे कसलं सॉफ्टवेअर’ असं तुम्ही चिडून लिहिलंय. डेबियनच्या पॅकेजबरोबर येणाऱ्या ओडब्ल्यूएफएस.कॉन्फ या कॉन्फिगरेशनच्या फाइलीत फेक नावाची एक ओळ मुद्दाम घातलेली असते. ती खोटे सेन्सर तयार करते आणि वाटेल ते आकडे दाखवते. जोडणीशिवाय सॉफ्टवेअर चालतंय का, हे तपासायला ती सोय आहे. ती ओळ काढून तिथे खऱ्या अडॅप्टरची ओळ लिहायची. त्याच फाइलीत उद्गारचिन्हाने सुरू होणारी ओळ असते: ओडब्ल्यूसर्व्हर सोडून बाकी सगळ्या प्रोग्रॅमनी ४३०४ या पोर्टवरच्या सर्व्हरकडे जावं, असा तिचा अर्थ. ती तुम्ही पुसलीत, म्हणून प्रत्येक प्रोग्रॅम थेट अडॅप्टरवर धाव घेऊ लागला. ती परत लिहा.

एका बाबतीत तुमच्याशी सहमत आहे. रोजच्या कामाला फ्यूजचं माउंट, म्हणजे सेन्सर फाइलींच्या झाडासारखे दिसायची सोय, लागतंच असं नाही. शिकायला, शोधायला, कॅट मारून बघायला ते फार छान. पण कोणी मुळापासून ग्रेप (फाइलींत मजकूर शोधणारी कमांड) चालवला की तो प्रत्येक सेन्सरची प्रत्येक फाइल उघडत सुटतो. ओडब्ल्यूसर्व्हर चालू ठेवून ओडब्ल्यूरीड या कमांडने, किंवा पायथॉनमधून पायओनेट या लायब्ररीने वाचलं, तर तीच नावं आणि तेच रस्ते राहतात, माउंट नसलं तरी. सर्व्हरला पासवर्ड वगैरे काही नसतो, तेव्हा पोर्टच्या आधी लोकलहोस्ट (म्हणजे फक्त हाच संगणक) लिहायला विसरू नका. २१२१ या पोर्टवरचं ओडब्ल्यूएफएसचं वेबपान उघडं ठेवणार असाल तर रीडओन्ली घाला, नाहीतर वायफायवर आलेला पाहुणा तुमचे पंखे बंद करून जाईल.

ईएसपी३२ला माझा विरोध नाही. सत्तरीतली शेड जाड चिऱ्यांची आहे, राउटर घरात आहे आणि वायफाय मधल्या भिंतीशीच दमतं. वायर मात्र पोचते. तुमच्याकडे वायफाय पोचत असेल तर खुशाल वापरा. ‘जुनाट’ म्हणाल, तर वन-वायर काढणारी डॅलस कंपनी २००१ मध्ये मॅक्सिमने घेतली आणि मॅक्सिम २०२१ मध्ये अ‍ॅनालॉग डिव्हायसेसने. वायरीवरची भाषा तीच राहिली, म्हणून जुनं सॉफ्टवेअर अजून चालतं.

पुढच्या वेळी लिहाल तेव्हा दोन गोष्टी कळवा: जोडणी दोन वायरींची की तीन, आणि ओडब्ल्यूएफएसमध्ये तुमच्या आठही पत्त्यांच्या शेवटी चार शून्यं येतात का. अस्सल चिपमध्ये ती सहसा येतात. नसतील तर बाजारातल्या नकली मालाची शक्यता आहे, आणि त्यातले काही पॅरासाइट जोडणीवर चालतच नाहीत. तेव्हा कॉन्फिगरेशनमागे वेळ घालवण्याआधी ते तपासलेलं बरं.