"एकदा टॅक्स कोड सेट केला की झालं" म्हणे!

व्यापाऱ्यांच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. पार्टीचं (गिऱ्हाइकाचं) राज्य आणि आयटमचा टॅक्स रेट एकदा भरला की सॉफ्टवेअर जीएसटी आपोआप बरोबर लावतं, इनव्हॉइस एरर न येता सरकारी पोर्टलवर अपलोड झालं म्हणजे टॅक्स बरोबर, मग अकाउंटंटला पगार कशाला द्यायचा? रोजच्या विक्रीपुरतं पहिलं खरंय, तिथे मीही फार डोकं लावत नाही. घोळ होतो तो वर्षातून दोनचारदा येणाऱ्या एंट्रीत.

आधी पार्टीचं राज्य बघू. नाशिकच्या कंपनीचा माणूस पणजीच्या हॉटेलात राहिला, बिल कंपनीच्या जीएसटी नंबरवर. हॉटेलच्या सॉफ्टवेअरला दिसलं महाराष्ट्र, लावला आयजीएसटी, म्हणजे दोन राज्यांमधल्या विक्रीवरचा टॅक्स. पण खोलीच्या बाबतीत हॉटेल जिथे आहे तेच प्लेस ऑफ सप्लाय (विक्री जिथे झाली असं कायदा धरतो ती जागा), म्हणजे राज्यातल्या राज्यात लागणारे केंद्राचा सीजीएसटी आणि गोव्याचा एसजीएसटी. वर नाशिकवाल्याला त्याचं क्रेडिट (दिलेला टॅक्स स्वतःच्या टॅक्समधून वजा करायची सोय) मिळत नाही, म्हणून तोच मागे लागतो की आयजीएसटीच लावा. घ्या!

आता रेट. धंद्यातली जुनी गाडी 4 लाखाला विकली, लेजरला (त्या खात्याला) 18 टक्के सेट आहे, सॉफ्टवेअर 72,000 टॅक्स काढून मोकळं. पण गाडी घेताना क्रेडिट घेतलं नसेल आणि घसारा (वापराने दरवर्षी कमी धरलेली किंमत) क्लेम केलेला असेल तर टॅक्स फक्त मार्जिनवर लागतो, म्हणजे विक्रीची किंमत वजा घसारा जाऊन उरलेली किंमत, आणि घसाराही इन्कम टॅक्सवाला, कंपनीच्या बुकातला नाही, जो इनव्हॉइसच्या स्क्रीनवर कुठेच नसतो. उरलेली किंमत 3,20,000 असेल तर मार्जिन 80,000, टॅक्स 14,400. उरलेली 5 लाख असेल तर मार्जिन मायनस, टॅक्स शून्य. जानेवारी 2025 पासून इलेक्ट्रिक धरून सगळ्या जुन्या गाड्यांना 18 टक्के झालं तेव्हाही लोकांनी पूर्ण किमतीवर 18 टक्के असंच वाचलं होतं.

रेट बदलला की अजून मजा. तूप 22 सप्टेंबर 2025 ला 12 वरून 5 वर आलं. ऑगस्टमध्ये विकलेला माल ऑक्टोबरमध्ये परत आला तर क्रेडिट नोट (जुन्या बिलाची रक्कम कमी करणारा कागद) 12 नेच निघणार, पण जुन्या बिलाशी न जोडता घाईत मारली की मास्टरमधला (आयटमच्या सेटिंगमधला) 5 लागून बसतो.

आणि एरर आला नाही म्हणून बरोबर? पोर्टल जीएसटी नंबर बघतं, एचएसएन कोड (मालाच्या प्रकाराचा नंबर) आहे का बघतं, गुणाकार जुळतो का बघतं. गाडीचे 72,000 गुणाकारात एकदम बरोबर आहेत ना! फुकट वाटलेल्या सॅम्पलचं तर बिलच नसतं, नुसती स्टॉकची एंट्री, पण त्यावर घेतलेलं क्रेडिट रिव्हर्स करायचं असतं. बिलच नाही तर एरर कुठून येणार?

राहिला पगार. एका गाडीच्या बिलात फरक 57,600 चा आहे, तुमचं तुम्ही बघा.