कोंबडीच्या जखमेत हळद-तंबाखू दाबू नका

पावसाळा सुरू झाला की खानापूर, नंदगड, जांबोटीकडच्या व्हॉट्सॲप गटांवर एक संदेश फिरायला लागतो. मुंगूस, रानमांजर किंवा कुत्र्यानं धरलेल्या कोंबडीवर ‘रामबाण उपाय’ म्हणून. त्यातलं सांगणं थोडक्यात असं: जखमेत लगेच हळद आणि तंबाखूची पूड दाबून भरा. अळ्या पडू नयेत म्हणून वरून रॉकेल लावा. चोच उघडून गूळपाणी पाजा. आपल्याच दुखण्याच्या गोळीचा चतकोर द्या. संध्याकाळी बाकीच्या कोंबड्यांत सोडा, म्हणजे ती सावरते. आणि दुसऱ्या दिवशी जखम हिरवी दिसली तर दातांचं विष चढलं समजा आणि कापून टाका.

परड्यात चार कोंबड्या पाळणाऱ्या कुणालाही हे खरं वाटेल. त्यातल्या काही गोष्टी आपण आजीकडूनही ऐकलेल्या आहेत. म्हणून एकेक मुद्दा नीट तपासून पाहूया. शेवटचा मुद्दा आधी घेते, कारण त्यापायी बऱ्या होणाऱ्या कोंबड्या सुरीखाली जातात.

“हिरवं पडलं म्हणजे विष चढलं.” मुंगसाच्या, मांजराच्या, कुत्र्याच्या, कुणाच्याच दातांत विष नसतं. हिरवा रंग येतो तो मुक्या माराचा. आपल्याला मार लागला की साकळलेलं रक्त मोडताना आधी बिलिव्हर्डिन नावाचं हिरवं द्रव्य तयार होतं आणि पुढे आपलं शरीर त्याचं पिवळं बिलिरुबिन करतं. कोंबडीकडे हे दुसरं काम करणारं विकरच (एन्झाइम) नसल्यासारखं असतं. त्यामुळे तिचा मुका मार एक-दोन दिवसांत हिरवागार दिसतो आणि बरेच दिवस तसाच राहतो. कुत्र्यानं तोंडात धरून झटकलेल्या कोंबडीची पाठ तर हमखास हिरवी होते. ती कोंबडी दाणे टिपत असेल, पाणी पीत असेल, तर तिला जगू द्या.

सडण्याची खूण वेगळी. जखमेला घाण वास येतो, कातडी काळी पडून चामड्यासारखी होते किंवा ओली राहते, भोवतालची सूज वाढत जाते आणि कोंबडी खाणं सोडते. इथे आणखी एक फसगत होते. कोंबडीचा पू आपल्यासारखा पातळ होऊन वाहत नाही. तो घट्ट, पिवळसर, पनीरसारखा गोळा होऊन आतच बसतो. “पू दिसत नाही, म्हणजे बरंय” असं म्हणून सोडून देऊ नका, जखमेच्या आसपास बोटानं चाचपून टणक गाठ लागते का ते पाहा.

“हळद आणि तंबाखूची पूड दाबून भरा.” दोन्ही वेगवेगळी बघायला हवीत. हळदीतल्या कर्क्युमिनचा काही जंतूंवर परिणाम होतो, हे प्रयोगशाळेत दिसलेलं आहे. वरवरच्या सुक्या खरचट्यावर चिमूटभर हळद लावल्यानं काही बिघडत नाही. पण दातांची जखम वरून बारीक आणि आत खोल असते. मांजराचा सुळा सुईसारखा शिरतो आणि पाश्चुरेलासारखे जंतू थेट मांसात सोडून जातो. त्या भोकात डब्यातली हळद दाबली, की तोंड बंद आणि जंतू आत. वर पिवळी खपली धरते, त्यामुळे खाली काय चाललंय तेही दिसत नाही. दातांच्या जखमेचं तोंड मोकळंच राहायला हवं. घरी सुई-दोऱ्यानं शिवूही नये, तेही याच कारणासाठी.

तंबाखूचं मात्र समर्थन कुठेच होत नाही. निपाणी भागात हे कुणाला समजावून सांगायची गरज पडू नये. शेतात ओली पानं हाताळणाऱ्यांना मळमळ, चक्कर, उलट्या होतात, ते कातडीतून शिरणाऱ्या निकोटिनमुळे. माणसाच्या धडधाकट कातडीतून ते एवढं जातं, तर दीड-दोन किलोच्या पाखराच्या उघड्या मांसातून किती जाईल? निकोटिन हे एकेकाळी कीटकनाशक म्हणून फवारलं जायचं. त्यानं अळ्या मरतील, हे खरं आहे. कोंबडीही मरेल.

मग करायचं काय? धुवायचं. अर्धा लिटर पाणी उकळून कोमट होऊ द्या, त्यात साडेचार ग्रॅम मीठ घाला, म्हणजे चहाचा सपाट चमचा, तोही किंचित कमी. मेडिकलमधून २० मिलीची सिरिंज आणा, सुई काढून टाका आणि त्या पाण्याच्या धारेनं माती, पिसं, रक्ताच्या गाठी निघेपर्यंत जखम धुवा. पाठीवर, बरगड्यांजवळ खोल भोक असेल तर धार आत मारू नका. कोंबडीच्या श्वासाच्या पिशव्या तिथवर पसरलेल्या असतात, पाणी त्यांत गेलं तर ती आतल्या आत बुडते. तिथं ओल्या कापसानं बाहेरूनच पुसा. आजूबाजूची पिसं कात्रीनं कापा, उपटू नका, कारण कातडी कागदासारखी फाटते. मागून पोव्हिडोन आयोडीन (जखमेवर लावायचं तपकिरी जंतुनाशक) लावायचं तर पाणी घालून फिक्या चहाच्या रंगावर आणा. स्पिरिट किंवा हायड्रोजन पेरॉक्साइड नको, त्यांनी नवी येणारी कातडीच जळते. आणि एक जखम सापडली म्हणून थांबू नका, पंखांखाली, शेपटीच्या बुडाशी पिसं ओली करून पाहा. हे सगळं हातमोजे घालून करा आणि नंतर साबणानं हात धुवा. कुत्र्याची लाळ पिसांवर ओलीच असू शकते.

“रॉकेल लावा.” रॉकेल कातडी भाजतं, अंगात शोषलं जातं, शिवाय चोचीनं पिसं साफ करताना पोटातही जातं. गुरांच्या जखमेतल्या किड्यांवर टर्पेंटाइन घालतात, तेही कोंबडीला चालत नाही. अळ्यांची भीती मात्र खरी आहे. कणकुंबीच्या पावसात हिरवी चकाकणारी माशी उघड्या जखमेवर अंडी घालते आणि दिवसभरात अळ्या होतात. उपाय कष्टाचा आहे: कोंबडी घरात किंवा मच्छरदाणीच्या आत ठेवा, दिवसातून दोनदा जखम बघा, अळी दिसली तर मिठाच्या पाण्यानं धुऊन चिमट्यानं एकेक काढा.

“चोच उघडून गूळपाणी पाजा.” कोंबडीच्या श्वासनळीचं तोंड जिभेच्या मुळाशीच उघडतं. धक्क्यानं गळून गेलेल्या कोंबडीच्या तोंडात ओतलेलं पाणी सरळ फुप्फुसात जाऊ शकतं. गूळपाणी चांगलंच आहे, पण वाटीत ठेवा आणि तिची चोच नुसती बुडवून दाखवा. प्यायची तेव्हा पिईल. त्याआधी तिला ऊब हवी. कोंबडीच्या अंगाचं तापमान ४१ ते ४२ अंश असतं, धक्क्यात ते उतरतं. खोक्यात जुनं सुती कापड घाला, पिंजर किंवा भुसा नको, तो जखमेला चिकटतो. पावसात लाईटचा भरवसा नाही, म्हणून गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून शेजारी ठेवा. खोकं अंधारात, शांत जागी, पोरांपासून लांब.

“आपल्याच गोळीचा चतकोर.” आपल्या घरातल्या दुखण्याच्या काही गोळ्यांत डायक्लोफेनॅक असतं. ते दिलेल्या मेलेल्या गुरांचं मांस खाऊन, मूत्रपिंडं निकामी होऊन गिधाडं मेली आणि २००६ मध्ये जनावरांसाठी त्यावर बंदी आली. पाखराला ते देऊ नका. त्वचा बधिर करणारी आणि स्टेरॉइड असलेली मलमंही नकोत.

“संध्याकाळी बाकीच्यांत सोडा.” लाल मांस दिसलं की घरच्याच कोंबड्या टोचायला लागतात आणि मुंगसानं सोडलेली कोंबडी कळपात मरते. कातडी पूर्ण धरेपर्यंत ती वेगळी हवी. दिवसा जाळीच्या बुट्टीखाली बाकीच्यांच्या नजरेसमोर ठेवलीत तर त्या तिला विसरत नाहीत आणि परत मिसळताना मारामारी कमी होते.

तळहाताएवढी कातडी गेलेली कोंबडीही काही आठवड्यांत आतून मांस भरून सावरते. पण गळ्याच्या भोकातून दाणे बाहेर येत असतील, कातडीखाली हवा भरून फुगा आला असेल, हाड मोडलं असेल किंवा मांजरानं चावल्याची खात्री असेल, तर त्याच दिवशी गुरांच्या दवाखान्यात न्या किंवा १९६२ या जनावरांच्या दवाखान्याच्या मदत क्रमांकावर फोन करा. मांजराच्या चाव्यावर अँटिबायोटिक लवकर सुरू व्हावं लागतं. कोणतं आणि किती, हे डॉक्टरच ठरवतील. अंडी आणि मांस किती दिवस खायचं नाही, हेही त्यांनाच विचारून घ्या. आतडी फाटून बाहेर आली असतील किंवा पाठीचा कणा मोडून पाय लुळे पडले असतील, तर मात्र तिला वेदनेत ठेवू नका, लगेच मारून त्यातून सोडवा.