शेवटचा खांब

खालच्या दोन्हीकडच्या दाढा गेल्यावर मी काढघालीची कवळी बसवली. डावीकडे तिचा आकडा माझ्या मूळच्या दातावर. उजवीकडे मात्र रूट कॅनाल झालेल्या, आत पोस्ट (मुळात रोवलेली काडी) आणि वर कॅप असलेल्या दातावर. म्हणजे घरात ज्याचं बायपास झालंय, त्यालाच गॅसचा सिलिंडर उचलायला लावायचं.

आठ महिने निभावलं. मग एका रविवारी पोह्यांवरच्या शेवेत खडा लागला. बघतो तर खडा कसला, कॅप! पोस्टसकट.

डॉक्टरीण आमच्या इंदूरच्या रामबागेतलीच. ‘काका’ म्हणते, त्यामुळे रागवायला मोकळी.

“काका, गराडू खाल्लात ना?”

गराडू म्हणजे आमच्याकडचा थंडीतला तळलेला कंद. तोंडात कापूस होता, हे माझं नशीब.

“हे बघा, चावताना दात जेमतेम दबतो, हिरडी त्याच्या कितीतरी पट. कवळीची मागची बाजू नुसती हिरडीवर टेकलीय. ती खाली गेली की पुढचा आकडा दाताला हिसका देतो. तंबूची खुंटी कशी उपटतात? हलवून हलवूनच ना? आणि पोस्टनं दात बळकट होत नाही हं, ती फक्त वरचं बांधकाम धरून ठेवते. हिरडीही झिजलीय, म्हणून कवळी जास्तच डुलते.”

मी 34 वर्षं वीज मंडळात काढली. लाइनीच्या शेवटच्या खांबाला एकाच बाजूनं ओढ असते, त्याला उलट्या बाजूनं स्टे, म्हणजे ताणाची तार, हवीच, यावरून किती लाइनमनना झापलं असेल! आणि स्वतःच्या तोंडात बिनस्टेचा खांब घेऊन मी सराफ्याच्या खाऊगल्लीत हिंडत होतो.

कापूस निघाल्यावर हे तिला सांगितलं, तर ती खूश. “बरोब्बर! मूळ चिरलेलं नाही, ते वाचलं. आता शेजारच्या दातालाही कॅप घालू आणि दोन्ही कॅप जोडून टाकू. ताण वाटला जाईल. कवळी आतून भरून घेऊ.”

“अगं, पण शेजारचा चांगला आहे. त्याला कशाला घासायचं? त्याचं काय चुकलं?”

“शेजारी राहतो.”

काम झालं. परवा थंडीत सौ.बरोबर सराफ्यात गेलो. मला भुट्ट्याचा कीस, तिला गराडू. कढईतून काढलेले, कडा कुरकुरीत.

“अहो, एक तरी घ्या!”

घेतला. वरचा जीरावन मसाला आणि लिंबू नीट चोखलं, आणि गराडू तिच्या द्रोणात परत ठेवला.



ती अजून बोलत नाहीये.