वांग्यांचे किती झाले?

काल संध्याकाळी भरिताची बामणोदी वांगी पिशवीत घालून, हेल्मेटचा पट्टा हनुवटीखाली आवळून, मी जळगावच्या रिंग रोडने डाव्या बाजूने घरी निघालो होतो. तेवढ्यात नववी-दहावीतले एक चिरंजीव बॅटरीच्या स्कूटरवर मागे दोन मित्र बसवून समोरून उलट दिशेने आले आणि माझ्या पुढच्या चाकाला थडकले. मी पडलो नाही, पिशवी पडली. त्यातले सर्वांत मोठे वांगे घरंगळत दुभाजकापर्यंत गेले आणि मागून येणाऱ्या रिक्षाने त्याचे जागच्या जागी भरीत केले. तिघांपैकी मधला हसला. चालवणाऱ्याने मान सरळ केली नाही, कारण मान आणि खांदा यांच्यामध्ये मोबाईल अडकवलेला होता आणि पलीकडचे बोलणे अजून संपायचे होते.

ते संपल्यावर त्याने वडिलांना बोलावले. वडील हेल्मेटशिवाय आले, हे वेगळे सांगायला नको. त्यांनी आधी आपल्या गाडीचा ओरखडा बोटाने चाचपला आणि मग माझ्याकडे वळून अतिशय समजूतदार आवाजात म्हणाले, "जाऊ द्या हो आबा, पोरगं लहान आहे. आणि ही बॅटरीची गाडी, हिला काही लागतच नाही, ना लायसन, ना पासिंग." एवढे बोलून त्यांनी खिशात हात घातला आणि विचारले, "वांग्यांचे किती झाले?"

माझ्या गुडघ्याचे किती झाले असते, हा प्रश्न त्या गृहस्थांच्या डोक्यात आलाच नाही.

बॅटरीच्या गाडीला काही लागत नाही, हे अर्धे वाक्य दुकानदाराने विकताना सांगितलेले असते आणि बापाने तेवढेच जपून ठेवलेले असते. उरलेले अर्धे असे, की मोटर २५० वॉटपेक्षा कमी आणि वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी असेल, तरच ती गाडी कायद्याने मोटार वाहन ठरत नाही. त्यापुढच्या गाडीला लायसन, नोंदणी, विमा, हेल्मेट आणि हिरवी नंबरप्लेट असे सगळे लागते. हीच बिननंबरची गाडी याच रस्त्यावर माझा काटा चाळीसवर असताना मला मागे टाकून गेलेली मी पाहिली आहे, ती पंचवीसच्या आतली कशी, हे मला त्या बापाने समजावून सांगावे. अल्पवयीन मुलाच्या हाती गाडी दिली आणि त्याच्याकडून गुन्हा घडला, तर पालकाला किंवा गाडीमालकाला ३ वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड, गाडीची नोंदणी १२ महिन्यांसाठी रद्द आणि पोराला वयाच्या पंचविशीपर्यंत लायसन नाही, असे २०१९ च्या दुरुस्तीपासून कायद्यात लिहिलेले आहे. सोळाव्या वर्षी लायसन मिळते, असे सांगणारेही पुष्कळ भेटतात. मिळते, पण ते ५० सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या गाडीचे, आणि तशी नवी गाडी त्यांनी एखाद्या शोरूममध्ये शोधून दाखवावी.

हेल्मेटविषयी तर बोलूच नये. उन्हाळ्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो म्हणून नको, हिवाळ्यात कानाला मफलर आहे म्हणून नको, आणि बाराही महिने "गावातल्या गावात कशाला, हायवेला लागलो की घालू" असे उत्तर तयार असते. हायवे आमच्या गावाच्या पोटातून जातो, महाराज! आकाशवाणी चौक, इच्छादेवी चौक, अजिंठा चौफुली हे सगळे त्याच्यावरच आहे. मग नेमके कुठे घालणार? काहींनी हेल्मेट विकत घेतलेले असते, पण ते कोपरात अडकवलेले असते आणि पोलीस दिसला तरच डोक्यावर चढते, तेही पट्टा न लावता. ट्रिपल सीटला आणि हेल्मेट नसल्याला प्रत्येकी हजार रुपये दंड व तीन महिने लायसन निलंबनाची तरतूद आहे. मागे बसणाऱ्यालाही हेल्मेट सक्तीचे आहे, हे सांगितले की लोक माझ्याकडे दयेने पाहतात. चार वर्षांखालील लेकराला चालवणाऱ्याशी बांधणारा पट्टा हवा, लहान हेल्मेट हवे आणि वेग चाळीसच्या वर नको, असा नियम १५ फेब्रुवारी २०२३ पासून लागू आहे. आमच्याकडे ते लेकरू पुढे फळीवर उभे राहून हॉर्न वाजवत असते.

ही सगळी कलमे पाठ असल्यामुळे कॉलनीतली पोरे मला आरटीओ आबा म्हणतात, आणि लग्नाच्या पंगतीत माझ्या शेजारचे पान बराच वेळ रिकामे राहते. सौभाग्यवतींचे म्हणणे असे, की अपघातापेक्षा माझा रक्तदाबच मला आधी गाठेल, आणि काल रात्री मशीन काढून त्यांनी ते सिद्धही केले.

आणि या गावाला वाहतुकीची काळजी नाही, असेही म्हणता येत नाही. १ एप्रिल २०१७ पासून बनलेल्या दुचाकींचा हेडलाइट इंजिन सुरू होताच आपोआप लागतो, तो बंद करायला बटनच नसते. तरीही डोक्यावर काही नसलेला, मागे दोन माणसे बसवलेला, उलट दिशेने येणारा प्रत्येक सज्जन भरदुपारी हँडलवरचा हात सोडून, पंजाची उघडझाप करत मला कळकळीने ओरडून सांगतो, "आबा, लाइट! लाइट चालू आहे!"